डब्यामागची वही

दिवाळी अंकाची जुळवाजुळव सुरू झाली, की संपादकांचा निरोप येतो, "या खेपेला जरा सविस्तर लिहा. नेहमीचे दीड पान पुरायचे नाही." एरवी दर आठवड्याला या कोपऱ्यात मी दीड पानात आटपते घेतो, आणि तुम्हीही चहाचा कप रिकामा होईपर्यंत मला वाचून मोकळे होता. दोघांचेही बरे चालले आहे. पण दिवाळीला घरी आलेल्या माणसाची नुसत्या चहावर बोळवण करता येत नाही. तेव्हा आज जरा बैठक मारूनच बोलू या.

विषय शोधत बसावे लागले नाही. तो टपालाने घरी चालत आला. सातारा जिल्ह्यातल्या एका लहान गावाहून एका बाईंचे पत्र आले आहे. चाररेघी वहीचा कागद, अक्षर टपोरे, शाई दोन रंगांची. पत्र दोन बैठकींत लिहिलेले असावे. बाई गावच्या शाळेत मुलांचे दुपारचे जेवण शिजवतात. खिचडी उतरवली, की मुलांची पंगत बसेपर्यंत त्यांना अर्धा तास सापडतो. त्या अर्ध्या तासात, गेली अठरा वर्षे, त्या लिहीत आल्या आहेत. वही घरी पिठाच्या डब्यामागे असते. नवऱ्याला ठाऊक नाही, मुलाला ठाऊक नाही.

इथपर्यंत वाचून मला कौतुक वाटले. पुढची ओळ वाचली आणि चष्मा काढून ठेवला. बाई लिहितात, "दर दिवाळीच्या साफसफाईत मी जुनी वही काढून वाचते, आणि बंबात घालते. वाटते, हे आपले नव्हेच. कुठेतरी वाचलेले, रेडिओवर ऐकलेले, तेच पुन्हा उतरवले आहे. आमच्यासारखीला स्वतःचे असे काही असते का? यंदाची वही अजून डब्यामागे आहे. घालू की ठेवू, एवढे कळवावे."

ताई, तुम्हाला मी त्याच दिवशी पोस्टकार्ड टाकले. "वही बंबात घालू नका. कारण दिवाळी अंकात सांगतो." ते कारण सांगायचे आहे. पण ते सांगायला मला माझ्या घरातली एक गोष्ट उघडी करावी लागणार, आणि या सदरात आजवर मी ती कधी केलेली नाही.

मी मूळचा खानदेशातला. यावलच्या बाजूचे आमचे गाव, केळीच्या बागा आणि कपाशीची शेते. माझी एक आत्या होती. लग्नानंतर चार वर्षांत कपाळ पुसून माहेरी आली आणि पुढची सारी हयात तिने आमच्या घरात काढली. घरातले दळण तिच्याकडे. पहाटे आम्ही पोरे अंथरुणात असायचो, तेव्हा जात्याची घरघर आणि त्यावर तिचा आवाज, दोन्ही एकदमच कानावर पडायचे. कुठला आवाज दगडाचा आणि कुठला तिचा, हे झोपेत कळत नसे. ती ओव्या म्हणायची. काही आईकडून आलेल्या, काही शेजारणींच्या, आणि बऱ्याचशा तिच्या स्वतःच्या. बैल दगावला त्याची ओवी, माझ्या बापाशी भांडण झाले त्याची ओवी, मी पहिलीत नापास झालो त्याचीसुद्धा ओवी होती म्हणतात. ती मला कोणी ऐकवली नाही, हे बरेच झाले.

शाळेच्या पुस्तकात बहिणाबाई चौधरींची कविता होती. आमच्याच बोलीतली. परीक्षेत तिचे रसग्रहण लिहिले, तर गुरुजींनी दहापैकी नऊ गुण दिले आणि वही वर्गात फिरवली. हे गुण घेऊन मी घरी आलो, तेव्हा आत्या अंगणात कळण्याचे पीठ चाळत बसली होती आणि चाळता चाळता गुणगुणत होती. मी तिच्या शेजारून आत गेलो. पुस्तकातले ते आणि अंगणातले हे एकाच विहिरीचे पाणी आहे, हे माझ्या डोक्यात आले नाही. छापलेली ती कविता, आणि आत्या म्हणते ते आपले दळण!

१९६८ साली मी पुण्याला कॉलेजात दाखल झालो. पहिल्याच महिन्यात वर्गात काही सांगताना माझ्या तोंडून विहिरीऐवजी 'येहेर' गेले. मागच्या बाकांवर हशा पिकला. हसणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हते, दुसऱ्या दिवशी त्यांतल्याच एकाने मला चहा पाजला. पण त्या दिवसापासून मी तोंडाला पहारेकरी बसवला. 'मले-तुले' गेले, 'हाये-नाही' गेले, ळ चा य गेला. वर्षभरात मी असा काही बोलू लागलो, की सदाशिव पेठेतल्या आमच्या घरमालकीणबाईंनाही माझ्यात खोट काढता येईना.

त्याच भाषेत मी कथा लिहू लागलो. माझ्या पहिल्या कथेच्या नायिकेचे नाव मृणालिनी. ती पियानो वाजवायची. नायक समुद्रकिनारी उभा राहून लाटांना आपले दुःख सांगायचा. आता, पियानो मी तोवर सिनेमातच पाहिला होता, आणि समुद्र तर तेवढाही धड पाहिला नव्हता. आमच्या भागात पाणी म्हणजे तापी आणि विहीर. पण आवडत्या लेखकांच्या कथांत समुद्र असे, म्हणून माझ्याही कथेत समुद्र आला. परतीचे तिकीट लावलेले पाकीट जोडून मी कथा धाडायचो, आणि पाकीट इमानाने परत यायचे. 'साभार परत' या दोन शब्दांत आभार नेमके कोणी कोणाचे मानायचे, याचा मी पुष्कळ विचार केला आहे.

एकदा मात्र पाकिटात एक चिठ्ठी निघाली. कोण संपादक होते ते सांगत नाही. एवढेच लिहिले होते, "कथेतला समुद्र आपण पाहिला आहे काय? आपले गाव कोणते? तिथे काय असते?" मला राग आला. वाटले, यांनी माझी जागा ओळखली. खेडवळ माणसाने खेडेच लिहावे, असे यांना म्हणायचे आहे. चिठ्ठी मी फाडली. आज ती जवळ असती, तर काचेत बसवली असती.

आता जे सांगायचे आहे ते पटकन सांगून टाकतो. १९७० च्या दिवाळीत कॉलेजातले दोघे मित्र माझ्या घरी आले. तोवर गावात पिठाची गिरणी येऊन काही वर्षे झाली होती. रोजचे दळण गिरणीवर जाई, पण चकलीची भाजणी आत्या हट्टाने घरच्या जात्यावर दळायची. तशी ती पहाटे दळायला बसली आणि तिने ओवी धरली. मित्र ओसरीवर निजले होते. एकाने डोळे उघडून विचारले, "कोण गातंय रे?" त्याने सहज विचारले. कदाचित त्याला ते आवडलेही असेल. मी उठून आत गेलो आणि म्हणालो, "आत्या, जरा हळू. पाहुणे झोपले आहेत."

ती "बरं भाऊ" म्हणाली. जाते फिरत राहिले. ओवी थांबली. त्यानंतर मी घरात असताना तिने कधी ओवी म्हटली नाही.

पुढे मला सरकारी कचेरीत कारकुनी मिळाली आणि लिहिणे सुटले. सुटले म्हणजे मीच सोडले. लिहायला बसले, की पहिल्याच ओळीला कोणीतरी मागच्या बाकावरून हसे. ओळ खोडायची, दुसरी लिहायची. तीही दुसऱ्या कोणाची तरी वाटे. मी माझी समजूत घातली, की आपल्याला प्रतिभा नाही. ताई, तुमचे 'आमच्यासारखीला स्वतःचे असे काही असते का' हे वाक्य मी असे वर्षानुवर्षे मनात घोळवलेले आहे. बंबाऐवजी माझ्याकडे कचेरीतली रद्दीची टोपली होती, एवढाच फरक.

१९७५ च्या उन्हाळ्यात मी रजेवर घरी गेलो. आत्या थकली होती. दुपारी ओसरीवर ती म्हणाली, "भाऊ, तू लिहितो म्हने. मले वाचून दाखव नं काही." सुटकेसमध्ये ती समुद्राची कथा होतीच. मी वाचली. ती हात न हलवता ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "चांगलं हाये. कोनी लिहेलं हाये?"

मी म्हणालो, "मीच की!"

"असं? मले वाटलं, तू दुसऱ्या कोनाचं वाचतो!"

तिने ते कौतुकानेच म्हटले. पुस्तकात शोभेल असे लिहिलेस, एवढाच तिचा अर्थ. पण बाहेर अंगणात ऊन तापले होते, आणि मला ते वाक्य कसे लागले हे सांगता यायचे नाही. त्या संपादकांच्या चिठ्ठीत होते तेच हे, फक्त रागावायला समोर कोणी नव्हते.

धीर करून मी तिला म्हणालो, "आत्या, तुझ्या ओव्या सांग. मी उतरवून घेतो." ती हसली. "त्याचं काय लिहायचं बाप्पा? ते दयता दयता येते. असं बसून कसं येईन?" मी म्हटले, ठीक आहे, दिवाळीला येतो तेव्हा भाजणी दळताना घेऊ. त्या श्रावणात ती गेली.

इथे थोडे थांबतो, आणि बहिणाबाईंची हकीकत सांगतो. मराठी वाचकाला ती माहीत असते, पण मी त्या दिवसांत ती पहिल्यांदा नीट समजून घेतली. बहिणाबाई १८८० साली जळगावजवळच्या आसोद्याला जन्मल्या. लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात, जात्यावर, चुलीपुढे, जे हातातले काम असेल त्यातूनच त्यांची गाणी निघाली. तिशीत वैधव्य आले. मुलगा सोपानदेव स्वतः नावाजलेला कवी. आईच्या तोंडची गाणी त्याने आणि एका नातलगाने वेळोवेळी उतरवून ठेवली होती. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई वारल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ते हस्तलिखित आचार्य अत्र्यांना दाखवले, आणि तेही संकोचतच, असे सांगतात. अत्र्यांनी ते वाचले, हे लोकांपुढे आलेच पाहिजे असे धरून बसले, आणि १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' छापून निघाली. आज खानदेशातल्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे.

यातला संकोच मला फार काही शिकवून गेला. मुलगा कवी, काव्याचा जाणकार. तरीही घरातल्या चुलीजवळची वस्तू चारचौघांत ठेवताना त्याचा हात अडखळावा! मग माझ्यासारख्याने काय करावे? फरक एवढाच, की सोपानदेवांनी उतरवून ठेवले होते, आणि मी दिवाळीवर ढकलले होते.

आत्याच्या दहाव्यानंतर गल्लीतल्या बायका ओसरीवर बसल्या होत्या. मी वही-पेन्सिल घेऊन त्यांच्यात बसलो. गावात पुरुषमाणसाने असे बायकांत जाऊन बसणे म्हणजे विनोदच. "आत्याच्या ओव्या कोणाला येतात का?" म्हणून विचारले. "आम्हाले काय येते बाप्पा!" एकीने म्हटले. "आम्ही अडानी." दुसरीनेही तेच म्हटले. मी उठणार तोच कोपऱ्यातल्या एका म्हातारीने एक ओळ म्हटली. शेजारची म्हणाली, "असं नाही, असं हाये." तिसरीने दोघींना चुकीचे ठरवले. मग काय विचारता! दिवेलागणीपर्यंत माझ्या वहीत एकतीस ओव्या उतरल्या. पण त्यांतल्या आत्याच्या कोणत्या, आईकडून आलेल्या कोणत्या, हे कोणालाच सांगता येईना. नक्की तिची म्हणून मला एकच ठाऊक आहे. गावात गिरणी आली तेव्हाची. ती मला लहानपणापासून पाठ होती, आणि पाठ आहे हे त्या दिवशी कळले.

दयन सरलं, सूप झालं माझं रितं,
हात थांबला तरी मनामधी फिरे जातं.

पुढे गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत हिंडून अशा एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. ते काम वाचले, तेव्हा माझ्या मनात आले, की यांतल्या किती जणींनी आधी "आम्हाले काय येते" म्हटले असेल!

त्या रात्री मी कंदिलापाशी बसून लिहायला घेतले. मृणालिनी आली नाही. समुद्र आला नाही. आत्या, जाते, गिरणीच्या इंजिनाची पुकपुक, भाजणीचा वास आणि "पाहुणे झोपले आहेत" हे माझे वाक्य, एवढेच आले. साडेतीन पाने झाली. लिहिताना आत्याचे बोलणे तिच्याच बोलीत आले, आणि मागच्या बाकावरचे हसणे सुरू झाले. तसे ते सुरू होणारच. मी पेन्सिल थांबवली नाही, एवढे मात्र केले. माझ्या सुधारणेचा सारा हिशेब तेवढाच आहे.

लेख जिल्ह्यातल्या एका लहानशा दिवाळी अंकात छापून आला. मानधन नाही, दोन प्रती. एक मी ठेवली, एक वडिलांना दिली. वडील चष्मा लावून, ओठ हलवत, सबंध लेख वाचत बसले. काही बोलले नाहीत. चांगला की वाईट, तेही नाही. चार दिवसांनी सातबाऱ्याचा उतारा शोधायला मी त्यांची पेटी उघडली, तेव्हा जमिनीच्या कागदांच्या घडीत तो अंक ठेवलेला दिसला. मला पुढे दोन-चार बक्षिसे मिळाली. त्या पेटीएवढी जागा कुठल्याच बक्षिसाला मिळाली नाही.

आता ताई, तुमच्या मूळ शंकेकडे वळतो. तुम्हाला वाटते, आपण वाचलेलेच परत लिहितो. लिहीत असाल. मी म्हणतो, त्यात लाजण्यासारखे काही नाही. कुमार गंधर्वांचे उदाहरण पाहा. १९२४ साली बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचा जन्म. आठ-नऊ वर्षांचा हा मुलगा मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून जशाच्या तशा गाऊन दाखवायचा, आणि सभाच्या सभा थक्क व्हायच्या. म्हणजे पहिली कीर्ती नकलेचीच. पुढे मुंबईला देवधर मास्तरांकडे रीतसर शिक्षण झाले, नाव झाले. तेवढ्यात क्षयाने गाठले. १९४८ साली हवापालटासाठी ते माळव्यात देवासला गेले. डॉक्टरांनी गाण्याला मनाई केली. चार-पाच वर्षे गाणे बंद. अंथरुणावर पडल्या पडल्या बाहेरून जाणाऱ्या बायाबापड्यांची माळवी गाणी कानावर येत. ती त्यांनी ऐकली, पुढे गोळा केली, त्यांत राग कुठून उगवतात ते शोधले. १९५३ च्या सुमारास ते पुन्हा गाऊ लागले, तेव्हा श्वास आखूड झाला होता, लांब पल्ल्याच्या तानांऐवजी लहान लहान तुकडे होते, आणि ते गाणे दुसऱ्या कोणाचेही नव्हते. उणीव होती तिथेच त्यांची वाट निघाली. लहानपणची नक्कल फुकट गेली, असे कोण म्हणेल? तिने गळा तयार केला. पण तेवढ्यावर थांबले असते, तर आपण त्यांना तबकडीच म्हणालो असतो.

दुसरे नाव लक्ष्मीबाई टिळकांचे. नवरा ख्यातनाम कवी, आणि या बाईंना अक्षरओळख झाली तीच मुळी लग्नानंतर. अशा घरात बाईने पेन्सिल खाली ठेवली असती, तर कोणी दोष दिला नसता. पण त्यांचे 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून छापून निघू लागले, तेव्हा त्या पासष्टी ओलांडलेल्या होत्या. पंडिती थाटाचे एक वाक्य त्यात सापडायचे नाही. ओसरीवर बसून शेजारणीला सांगावे तसे सांगितले आहे. मराठी आत्मचरित्रांत ते पुस्तक आजही पहिल्या रांगेत आहे. वयाने उशीर झाला असे तुम्हाला वाटत असेल, तर या बाईंकडे पाहा.

उपदेश करणे हा या सदराचा धर्म नव्हे, पण तुम्ही विचारलेत म्हणून माझ्या ठेचा सांगतो.

लिहिलेले मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडखळेल, तिथे बहुतेक दुसरे कोणी बोलत असते. मी आजही सदर धाडण्यापूर्वी खोलीचे दार लावून वाचतो. घरच्यांना वाटते, म्हातारा फोनवर कोणाशी भांडतो आहे.

लिहिताना सगळ्या महाराष्ट्राला समोर बसवू नका. एकच माणूस बसवा, ज्याला तुमची भाषा समजावून सांगावी लागत नाही. मी आत्याला बसवतो. ती "कोनी लिहेलं हाये?" म्हणाली, की पान बाजूला.

हाताखालून गेलेल्या वस्तूपासून सुरुवात करा. शंभर मुलांची खिचडी किती पाण्यात शिजते, तळाला लागली तर कुठली मुले हसतात, कोणते मूल घरून उपाशी येते आणि ते तुम्हाला कशावरून कळते, हे तुमच्याइतके कोणालाही ठाऊक नाही. ते लिहिताना कोणाची नक्कल करावी म्हटले, तरी सापडणार नाही.

आणि फाडायचे असेलच, तर लिहिल्याबरोबर फाडू नका. एक पावसाळा जाऊ द्या. लिहिल्या दिवशीचा न्यायाधीश फार कडक असतो, आणि त्याला कायदा येत नसतो.

भीती जाईल का, असे विचाराल. नाही जायची. माझी गेलेली नाही. पन्नास वर्षे होत आली, तरी दर आठवड्याला कोऱ्या कागदापुढे बसलो, की मागच्या बाकावर कोणीतरी येऊन बसतेच. आता आमची ओळख झाली आहे. मी त्याला म्हणतो, "बस बाबा, पण हळू. आत्या दळते आहे."

माझ्या पोस्टकार्डाचे तुमच्याकडून अजून उत्तर आलेले नाही. साफसफाई आटोपली की व्हायची आहे, मला कळायला मार्ग नाही. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा वही डब्यामागेच असेल, असे धरून चाललो आहे. नसेल, तरी दुकानात नवी वही मिळते, आणि अठरा वर्षांचा तुमचा हात काही बंबात गेलेला नाही. पण यंदाची वही असेल, तर एक करा. दिवाळीच्या चार दिवसांत, दुपारी, घरातल्या एखाद्या माणसाला एक पान वाचून दाखवा. मुलाला दाखवा. मुलगा संकोचेल, तुम्ही संकोचाल. तरी दाखवा. आमच्या घरात हे उलटे झाले. जिच्याकडे होते ती गात होती, आणि ज्याने ऐकायचे तो म्हणाला, पाहुणे झोपले आहेत.

वाचकहो, तुमच्याही घरात कोणी गुणगुणत असेल, तर या दिवाळीत तेवढे ऐकून घ्या. जमले तर उतरवून ठेवा. पुढच्या दिवाळीवर ढकलू नका.

सर्वांना दिवाळीच्या शुभेच्छा. पुढच्या आठवड्यात नेहमीच्या कोपऱ्यात, नेहमीच्या दीड पानात भेटूच.